योएझरच्या घरातला दिवस

उन्हाळ्यात लोक मला चेंगट म्हणतात आणि हिवाळ्यात धांदरट. दोष माझा नाही, तासांचा आहे. आमच्याकडे दिवस केवढाही असो, त्याचे तास बाराच. सूर्य उगवल्यापासून बुडेपर्यंत जेवढा उजेड असेल, त्याचे बारा सारखे वाटे करायचे. त्यामुळे उन्हाळ्यातला तास अंगणात पसरून बसतो आणि ऑलिव्ह झोडायच्या दिवसांत तोच तास आला म्हणेस्तोवर गेलेला असतो. रात्रीचंही तसंच. ती लांब असो की आखूड, तिचे पहारे तीनच. शेतकऱ्याचं यात काही अडत नाही. माझं अडतं, कारण मी सोडचिठ्ठ्या लिहितो.

सोडचिठ्ठी दिवसा लिहिली तर तिच्यावर त्याच दिवसाच्या उजेडात दोन साक्षीदारांच्या सह्या व्हायला हव्यात. सूर्य बुडाला की आमचा पुढचा दिवस लागतो, आणि आदल्या दिवसाची बिनसहीची चिठ्ठी फाडून टाकावी लागते. उलट रात्री लिहिली आणि उजाडल्यावर सही केली तर चालते, कारण ती रात्र आणि तिच्यामागून येणारी सकाळ मिळून एकच दिवस. हे इतकं सोपं आहे की पोरालाही कळेल. तरी दरवर्षी माझे दोन-तीन चांगले कातड्याचे तुकडे फुकट जातात, कारण ऐन सहीच्या वेळी कुणाची तरी आई गळा काढते.

म्हणून होन्या माझ्याकडे आला तेव्हा मी त्याला आधीच बजावलं की नातेवाईक घराबाहेर बसतील. होन्या शेजारच्या केफर तेएना गावचा. चाळिशी उलटलेला, दाढी अजून काळी, तोंडाची टकळी अखंड चालू. त्याचा जावई योएझर मरणाला टेकला होता. मूलबाळ नव्हतं. आमच्यात असा माणूस मेला की त्याची बायको दिराच्या वाट्याला जाते. दिराने तिला ठेवून घ्यावं, नाहीतर चार लोकांसमोर तिच्याकडून आपली चप्पल काढवून घ्यायचा विधी करून मोकळं करावं. पण योएझरचा भाऊ एल्हानान अक्कोच्या बंदरातून एका जहाजावर चढला तो चढलाच. जिवंत आहे की त्याला माशांनी खाल्लं, कुणाला पत्ता नाही. योएझर आज मेला असता तर होन्याची लेक शापीरा त्या बेपत्ता माणसाला जन्मभर बांधली गेली असती. तिला अजून पंचविशीही लागली नव्हती.

यावर उपाय एकच होता, आणि तो योएझरने स्वतःच काढला. मरायच्या आधी तो तिला सोडणार होता. चिठ्ठी त्याचा श्वास चालू असताना तिच्या हातात पडली पाहिजे, एवढंच. असा भला माणूस मी फार पाहिलेला नाही.

केफर तेएनात ज्याला लिहिता येतं तो प्रत्येक जण योएझरचा कुणी ना कुणी लागत होता, आणि नातेवाइकाची साक्ष चालत नाही, म्हणून साक्षीदार मी माझ्या गावातून नेले. एक मातिया कुंभार, ज्याला गप्प बसता येत नाही. दुसरा झक्काय, तेलघाण्याचा म्हातारा मालक. त्याच्या शब्दावर सिप्पोरीचं न्यायालयसुद्धा शंका घेत नाही, पण त्याची सही होईपर्यंत तव्यावरची भाकरी करपते.

घर गावाच्या टोकाला, पांढऱ्या कड्याच्या पायथ्याशी होतं. गल्लीत उघडणारं फाटक, आत भिंतींनी वेढलेलं अंगण, पाण्याचं टाकं, भाजीचा वाफा, द्राक्षाचा बुटका वेल आणि एकच खोली. आम्ही पोचलो तेव्हा तिसरा तास चालू होता, लोक शिड्या खांद्यावर घेऊन बागांकडे निघाले होते. होन्या फाटकाबाहेरच्या दगडावर बसला आणि फडक्यातून उकडलेलं अंडं काढून सोलायला लागला. निदान तोंडात काहीतरी असलं की गप्प बसेल, असं मला वाटलं.

योएझरची खाट उजेडासाठी दाराशी ओढली होती. चादरीखाली माणूस आहे की नाही असा प्रश्न पडावा इतका तो वाळला होता. साक्षीदारांच्या कानांवर पडतील असे शब्द त्याने नीट उच्चारले: लिहा, सह्या करा आणि हिला द्या. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, अक्षर चांगलं काढा. आयुष्यात एवढं एकच पत्र देतोय तिला."

शापीरा त्याच्या पायांशी बसली होती. तिने मान वर केली नाही.

मी अंगणात बसून बोरू तासला आणि लिहायला घेतलं. ऊन माझ्या गुडघ्यांवर होतं. दोन ओळी झाल्या तेव्हा ते डोक्यावर आलं होतं, आणि मी मनात म्हटलं, आपला हात आता म्हातारा झाला. पोटात कावळे ओरडायला लागले. मातियाने भाकरी आहे का म्हणून विचारलं, मी त्याला गप्प केलं. वेलीची सावली आता दुसऱ्या बाजूला पडली होती. शेवटच्या ओळीला अक्षरं दिसेनात. मातिया म्हणाला, दिवा आणायला सांगू का. दिवा कशाला, म्हणून मी खेकसलो आणि वर बघितलं. कड्याच्या कडेला तीन चांदण्या स्पष्ट दिसत होत्या.

रात्र लागली होती. चिठ्ठी मेली होती. मी ती सगळ्यांसमोर फाडली. सबंध दिवस मी एका चिठ्ठीत घालवला होता, आणि एवढा संताप मला आयुष्यात क्वचित आला असेल. मातियाच्या बडबडीला, झक्कायच्या संथपणाला, माझ्या डोळ्यांना, सगळ्यांना शिव्या घालत मी फाटक ढकललं.

बाहेर लख्ख ऊन होतं. लोक शिड्या घेऊन चालले होते. होन्याच्या हातातलं अंडं अर्धं सोललेलं होतं.

"झालं एवढ्यात?" तो म्हणाला.

झक्कायने स्वतःच्या सावलीची लांबी बघितली आणि सांगितलं, तिसरा तास.

मी डोकं असलेला माणूस आहे. घर कड्याच्या कुशीत आहे, कड्याची सावली अंगणात लवकर उतरते, आजारपणाच्या घरात धूर कोंडतो, उपाशीपोटी डोळ्यांपुढे अंधारी येते, हे सगळं मी त्या दोघांना तिथेच समजावून सांगितलं.

"आणि चांदण्या?" मातियाने विचारलं. "त्या काय कड्याने खिशातनं काढल्या?"

मी त्याला कोपराने ढोसलं. होन्यासमोर हा विषय नकोच होता. त्याने गाव गोळा केलं असतं. आणि माझ्याकडे एक वाट होती. आत जर खरोखर रात्र असेल, तर असू दे. रात्री लिहून पहाटे सही केली तर कुणाच्या बापाची हरकत नाही. आम्ही पुन्हा आत गेलो.

आत अंधारच होता. शापीरा दिवा घेऊन आली आणि आम्हाला बघून थबकली. म्हणाली, मला वाटलं आता तुम्ही येत नाही. आत्ताच तर गेलो, असं मी म्हणालो. तिने हळूच सांगितलं की आम्ही गेलो ते परवा रात्री.

मी दिव्याच्या उजेडात चिठ्ठी लिहून काढली आणि उजाडायची वाट बघत बसलो. तसली रात्र मी कधी काढलेली नाही. पहिल्या पहाऱ्याला गाढवं ओरडतात, दुसऱ्याला कुत्री भुंकतात, तिसऱ्याला तान्ही पोरं दूध मागायला उठतात, असं आमच्यात लहानपणापासून शिकवतात, म्हणजे अंथरुणातूनही रात्र किती सरली ते कळतं. मी कान देऊन बसलो. भिंतीपलीकडे गाढव नव्हतं, कुत्रं नव्हतं, काही नव्हतं. सरपणाच्या ढिगावर झोप लागली, उठलो, भूक लागली, शापीराने दोनदा भाकरी वाढली, आणि तरी काळोखच. मातियाच्या गालांवर खुंट वाढले होते. तो बोलायचा बंद झाला होता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. फार उशिरा खोलीतून नवरा-बायकोची कुजबुज ऐकू आली. योएझर तिला वेलीची छाटणी कशी करायची ते सांगत होता.

मग पूर्वेला फटफटलं. मी मातियाच्या हातात शाईत बुडवलेला बोरू आधीच देऊन ठेवला होता. सूर्याची कड भिंतीवर दिसताच मी म्हणालो, "कर."

दूध उतू जायला लागतं तेवढ्या वेळात तो दिवस झाला आणि गेला. पण तो अपुरा नव्हता. पहाटेचा गारवा, दुपारचं मानेवरचं ऊन, समुद्राकडून येणारा संध्याकाळचा वारा, सगळं ओळीने आमच्या अंगावरून गेलं. तासही बाराच झाले असणार. मातियाचं नाव लिहून झालं होतं, बापाचं अर्धं राहिलं होतं. झक्कायने तर बोरू नुसता उचलला होता.

"असं कधीपासून आहे?" मी शापीराला विचारलं.

ते अंथरुणाला खिळले तेव्हापासून, असं ती म्हणाली. आधी दिवस थोडे आखूड झाले, मग फार. "सांगायचं कुणाला, काका? आजारी माणसाच्या उशाशी बसलेली कुठलीही बाई म्हणते, दिवस कुठे गेला कळलं नाही. मला वाटलं, माझंही तसंच."

मी तिला म्हणालो, मग तूच बाहेर चल. गल्लीत उजेड आहे, तिथे सह्या करतो, तिथेच तुझ्या हातात देतो आणि सुटलीस. यात कसली अडचण होती, मला कळेना. तिने मान हलवली.

"एकदा चूल विझली म्हणून शेजारी विस्तव आणायला गेले. निखारे परळात घेतले आणि आले, तेवढंच. परत आले तर यांच्या ओठांना भेगा पडलेल्या. पाणी पाणी करून आवाज बसलेला. म्हणाले, चार दिवस झाले, कुठे होतीस." तिने दिव्याची वात पुढे केली. "मी बाहेर उभी राहिले तर इथे यांना पाणी कोण पाजणार?"

मी बरंच काही बोललो. हट्टी म्हणालो, मूर्ख म्हणालो, तिच्या बापाचं नाव काढलं. ती खोलीत जाऊन त्याची कूस बदलायला लागली. शेवटी मी तिसरा तुकडा काढला आणि त्याच अंधारात चिठ्ठी पुन्हा लिहिली. तारीख घालताना हात अडला. कुठल्या आभाळाची घालू? आतल्या की बाहेरच्या? न्यायालय बाहेर आहे, म्हणून बाहेरची घातली. मग साक्षीदारांना सांगितलं: बाहेर जायचं, उभ्याउभ्या सही करायची आणि धावत आत यायचं. आपल्या एका श्वासात इथे किती दिवस जातात, माहीत नाही. योएझरकडे फार दिवस नाहीत.

शापीरा फाटकापर्यंत आली. "मी वाट बघते," म्हणाली.

बाहेर ऊन तसंच होतं. होन्याचं अंडं सोलून झालं होतं आणि तो त्यावर मीठ घालत होता. मी कातडं फाटकाच्या फळीवर दाबून धरलं. मातियाने एका दमात सही ठोकली. त्याच्या हाताचा मुका घ्यायचा तेवढा मी बाकी ठेवला.

झक्कायने बोरू घेतला, उन्हात धरून बघितला आणि टोक फाटलंय म्हणाला.

मी माझा दिला. त्याने तो शाईत बुडवला, जास्तीची शाई दौतीच्या कडेला निथळली, पुन्हा थोडी निथळली. पहिलं अक्षर काढलं. होन्या मागून सांगत होता की पोरीला सरळ घरी नेतो, तिच्या आईने खोली सारवून ठेवलीये, मसुराचं वरण केलंय. झक्कायने दुसरं अक्षर काढलं. "काका, लवकर," मी म्हणालो. "चुकलं तर पहिल्यापासून करावं लागेल," तो म्हणाला, आणि ते खरं होतं. एका म्हाताऱ्याच्या नावातल्या एकेका अक्षराने कुणाचा तरी श्वास खर्ची पडतोय हे माहीत असून मला नुसतं कातडं धरून उभं राहायचं होतं. त्याने बापाचं नाव काढलं. शेवटच्या अक्षराची शेपटी ओढली. होन्याने अंड्याचा पहिला घास घेतला.

मी चिठ्ठी हिसकली आणि फाटकाला खांदा लावला.

फाटक हललं नाही. बिजागरीला गंज चढला होता. मातियानेही जोर लावला तेव्हा ते करकरत उघडलं.

आत संध्याकाळ होती. बुटका वेल मांडीएवढा जाड होऊन छपरावर पसरला होता.

खोलीत खाट पालथी घातलेली होती, सुतकात घालतात तशी. तिच्या दोऱ्या कुजून लोंबत होत्या. कोपऱ्यात एक दगडी पेटी होती, हाडं ठेवतात तसली, हातांनी खरवडून केलेली.

टाक्याच्या काठावर एक म्हातारी बसली होती.

तिने आमच्याकडे बघितलं. मग माझ्या हातातल्या कातड्याकडे.

"शाई अजून ओली आहे," ती म्हणाली.

आवाज मी ओळखला. मातिया मागच्या मागे भिंतीला टेकला.

"कधी गेला?" मी विचारलं.

"तुम्ही बाहेर पडलात त्यानंतरच्या तिसऱ्या रात्री. सात दिवस सुतकाला बसले. तीस दिवस बसले. सांत्वनाला कुणी आलं नाही."

अंगणात तिने एकटीनेच पुरलं होतं. वर्षाने हाडं गोळा केली होती. ती हे सगळं दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तसं सांगत होती. मला सहन होईना. मी ओरडलो, "मग बाहेर का नाही आलीस? फाटकापलीकडे तर उभे होतो आम्ही."

"आले असते तर तुम्ही पहिलं विचारलं असतं, जिवंत आहे का. मला खोटं बोलता आलं नसतं. झक्कायकाकांनी बोरू खाली ठेवला असता. मग मी एल्हानानची वाट बघत बसायचं, बाहेर, मरेपर्यंत. त्यापेक्षा म्हटलं, दोन सह्यांची वाट बघावी. सह्यांना वेळ तो किती लागणार? पहिल्या वर्षी रोज वाटायचं, आज येतील. पुढे वाटायला लागलं, एवढं बसले ते वाया का घालवू."

मी कातडं छातीशी धरलं. नवरा मेल्यावर चिठ्ठी देता येत नाही. हे मी तीस वर्षं लोकांना सांगत आलो होतो आणि तिलाही सांगितलं.

"बाहेर कितवा तास चालू आहे?" तिने विचारलं.

"तिसरा."

"तुम्ही ही घेऊन बाहेर पडलात तेव्हा?"

"तिसराच."

"त्या तासात ते जिवंत होते?"

"होता."

"न्यायाधीश तासच विचारतात ना, काका?"

तासच विचारतात. कुठला दिवस, कितवा तास. त्याहून बारीक कुणी विचारत नाही, कारण त्याहून बारीक माणसाला कळत नाही असं आमचं शास्त्र धरून चालतं.

झक्काय पुढे झाला. "तिसऱ्या तासात योएझर जिवंत होता," तो म्हणाला. "तिसऱ्या तासात चिठ्ठी हिच्या हातात पडली. मी शपथेवर सांगेन. यात खोटं काय आहे?" त्याची दाढी ओली झाली होती.

मी चिठ्ठी तिच्या ओंजळीत ठेवली आणि म्हणायचं ते म्हणालो. ही तुझी सोडचिठ्ठी. आजपासून तू कुठल्याही पुरुषाशी लग्न करायला मोकळी आहेस. मातियाने तोंड फिरवलं. तिने मूठ मिटली, आणि सुरकुत्यांतून थोडी शाई मनगटापर्यंत आली.

उठताना तिला माझ्या हाताचा आधार लागला. आम्ही हळूहळू अंगण ओलांडून फाटकाबाहेर आलो. तिने डोळ्यांवर हात धरला. मग उन्हाकडे पाठ केली आणि दगडावर बसलेल्या होन्याकडे बघत राहिली.

होन्या चावत चावतच उठला, तोंड पुसलं आणि तिला वाट करून दिली.

"जपून, आजी, पायरी आहे," तो म्हणाला. "माझी लेक आत आहे ना? काम झालं का तिचं?"

ती त्याच्या काळ्या दाढीकडे बघत होती.

"झालं," ती म्हणाली. "सुटली ती."

होन्याचे डोळे भरून आले. त्याने दोन्ही हातांनी धरून तिला पायरी उतरवली, देव तुमचं भलं करो म्हणाला, आणि मी पुढे व्हायच्या आत लेकीला हाका मारत फाटकातून आत गेला.